बॉक्स्टरचा क्लच बदलायचाय: किट कुठलं घ्यावं, फ्लायव्हीलचं काय करावं?

रारितनकर
मंडळी, इथे गाडीवेडे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे २००१ ची पोर्श बॉक्स्टर आहे. ९८६, म्हणजे पहिल्या पिढीची, साधी २.७ लिटरची, पाच गिअरची. सेकंडहँड घेतली आहे. ८१ हजार मैल झालेत आणि क्लच मूळचाच असावा असं कागदांवरून दिसतं. हल्ली चढावर पाचव्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी आहे तिथेच. पेडलही जड झालंय. म्हणजे क्लच गेला, यात मला तरी शंका नाही.

काम स्वतः करणार नाही, कारण लिफ्ट नाही आणि बायकोची परवानगीही नाही. इथे न्यू जर्सीत जुन्या पोर्श करणारं एक छोटं गॅरेज आहे. मालक म्हणाला, पार्ट तुम्ही आणा किंवा मी आणतो, पण तुम्ही आणलेत तर मी मजुरीची गॅरंटी देणार नाही.

आता माझं घोडं अडलंय ते इथे. किट सॅक्सचं घ्यावं की पोर्शच्या डब्यातलं? ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर दाबला जातो ते दोन भागांचं जड चाक, बदलावंच लागतं का? त्याचा भाव किटच्या दुपटीहून जास्त सांगताहेत. एक मित्र म्हणतो, ते फेकून दे आणि हलकं सिंगल मास टाक, गाडी उडायला लागेल. शिवाय गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर आयएमएस बेअरिंगही करून टाक, असं सगळे सांगताहेत. हे 'टाकच' प्रकरण कुठे थांबवायचं?

खंबाटकी
टिपट्रॉनिक (ऑटोमॅटिक) घेतली असतीस तर हा धागाच निघाला नसता.

रारितनकर
खंबाटकी, टिपट्रॉनिक घ्यायची तर मग कॅमरी काय वाईट होती?

हिशेबनीस
८१ हजार मैल म्हणजे जवळजवळ १ लाख ३० हजार किलोमीटर. एवढं चाललं म्हणजे पैसे वसूल. माझ्या आय-टेनचा क्लच ठाण्याच्या घोडबंदर रोडने ४० हजारांत खाल्ला.

अडकित्ता
घोडबंदर रोडने नाही, तुमच्या डाव्या पायाने खाल्ला.

पानेवाली
ऑस्टिनहून लिहितेय. माझी बॉक्स्टर नाही, माझदाची मिआटा आहे, पण तिचा क्लच मी स्वतः गॅरेजमध्ये जमिनीवर झोपून बदललाय, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे.

रारितनकर, पार्ट निवडण्याआधी क्लच का घसरतोय ते बघा. झिजून घसरतोय की तेल लागून? तुमच्या इंजिनाला मागच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या पाठीमागे, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं) रिअर मेन सील असतं. पोर्शवाल्यांत ते 'आरएमएस' म्हणून कुप्रसिद्ध आहे. ते गळलं की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात खाली तेलाचा थेंब लटकलेला दिसतो. तेल प्लेटवर गेलं असेल तर नवं किट टाकूनही काही महिन्यांत तीच रड. गाडी लिफ्टवर असताना आधी बोटाने तो सांधा पुसून बघायला सांगा.

सील बदलायचंच. ते स्वस्त असतं. नवं सील टेफ्लॉनच्या जातीचं येतं आणि ते कोरडं बसवतात. आपल्याकडच्या फिटरला सवय असते बोटाने तेल लावून सील ठोकायची, ती इथे चालत नाही. शिवाय ते ठरावीक खोलीवर सरळ बसायला हवं, त्यासाठी वेगळं टूल येतं. मालकाकडे ते टूल आहे का हे विचारा. या एका प्रश्नावरून त्याने हे काम किती वेळा केलंय ते कळेल.

निवांत
वाचतोय. गाडी नाही, घ्यायचीही नाही, पण मजा येतेय.

श्टुटगार्टवासी
पोर्शच्या डब्याबद्दल सांगतो. पोर्श स्वतः क्लच बनवत नाही. ९८६ ला कारखान्यातून सॅक्सचा क्लच यायचा. सॅक्स म्हणजे श्वाइनफुर्टची जुनी कंपनी, १८९५ ची, आता झेडएफकडे आहे. ड्युअल मास फ्लायव्हीलचं मोठं नाव लुक, ती ब्यूल गावची. तेव्हा पोर्शचा डबा घेतलात तर लोगोचे पैसे भरताय. सॅक्सचं किट बिनधास्त घ्या. त्यात प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही येतात.

पण ते कुठून घेताय ते महत्त्वाचं. ऑनलाइन बाजारात सॅक्सच्या डब्यात भलताच माल भरून विकणारे आहेत. भाव पाहून 'अरे वा' झालं की समजायचं काहीतरी गडबड आहे.

अवांतर: तुमच्या व्हिन (चॅसिस) नंबरातलं अकरावं अक्षर बघा. 'एस' असेल तर गाडी इथे श्टुटगार्टला बनली, 'यू' असेल तर फिनलंडमध्ये उसिकाउपुंकीला, वाल्मेतच्या कारखान्यात. बऱ्याच बॉक्स्टर तिथल्याच आहेत.

रारितनकर
आत्ताच पार्किंगमध्ये जाऊन पाहिलं. 'यू' निघाला! इतकी वर्षं मी लोकांना अस्सल जर्मन गाडी म्हणून सांगतोय.

खंबाटकी
म्हणजे बाहेरून पोर्श, आतून सॅक्स, जन्म फिनलंडचा, राहणार न्यू जर्सी. हिला आधार कार्ड मिळणं कठीण आहे.

तिसरा_गिअर
मित्र बरोबर सांगतोय. मी कॅलिफोर्नियात ९८६ एस चालवतो, लगुना सेका आणि बटनविलोला ट्रॅक डेला नेतो. हलकं सिंगल मास फ्लायव्हील टाकून वर्षं झाली. इंजिन पटकन वर येतं, खाली गिअर टाकताना ब्लिप मारली (अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका दिला) की आरपीएम झटक्यात चढतात. ड्युअल मास म्हणजे इंजिनाच्या पायात बेडी. शिवाय ते झिजतं, ताशून परत वापरता येत नाही, किंमत बघून डोळे पांढरे होतात. सिंगल मास एकदा घेतलं की संपलं, वरची फेसिंग तेवढी बदलायची.

चिकलठाणेकर
नमस्कार. मी औरंगाबादला, चिकलठाणा एमआयडीसीत, क्लच बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. पोर्श आयुष्यात हाताळली नाही, पण क्लच हजारोंनी तपासलेत, म्हणून चार शब्द.

इंजिन सलग ताकद देत नाही, प्रत्येक ठिणगीला एक झटका देतं. हे झटके गिअरबॉक्सपर्यंत पोचले तर गिअर खडखडतात. ते कुठेतरी मुरवावे लागतात. जुनी पद्धत अशी की ते क्लच प्लेटमध्येच मुरवायचे. मारुतीची, जीपची प्लेट आठवा, मधोमध गोलाकार चार-सहा स्प्रिंगा दिसतात, त्या त्यासाठीच. दुसरी पद्धत ड्युअल मासची. लुकने १९८५ मध्ये ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. यात फ्लायव्हील दोन भागांचं असतं, जात्याच्या दोन तळ्यांसारखं एकावर एक. मध्ये लांबलचक कमानी स्प्रिंगा आणि ग्रीस. झटका तिथेच जिरतो.

म्हणून ड्युअल मासच्या गाडीत प्लेटला स्प्रिंगा नसतात, ती सरळ कडक असते. यातून निघणारी गोष्ट लक्षात ठेवा: सिंगल मास टाकायचं असेल तर प्लेटही स्प्रिंगवाली हवी. मूळची कडक प्लेट आणि सिंगल मास एकत्र टाकलं तर झटके जिरायला जागाच उरत नाही. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा आवाज ऐकून वाटेल गिअरबॉक्समध्ये कुणी खिळे टाकलेत. म्हणजे 'किट कुठलं' हा प्रश्न फ्लायव्हील ठरल्यावरच सुटतो. आधी किट मागवू नका.

पानेवाली
काका, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. माझ्या मिआटात सिंगल मास आणि स्प्रिंगची प्लेट आहे, आता का ते कळलं.

रारितनकर
काका, नमस्कार. म्हणजे माझा प्रश्न उलट्या बाजूने सोडवायला हवा होता. मग फ्लायव्हील चांगलं आहे की गेलंय हे कसं ठरवायचं?

चिकलठाणेकर
क्लच उतरवल्याशिवाय नक्की ठरत नाही. काही खुणा आधीही कळतात: इंजिन बंद करताना किंवा चालू करताना खालून खडाड आवाज, रिकाम्या आरपीएमला थरथर.

उतरवल्यावर पुढचा भाग हाताने फिरवून बघायचा. थोडा फिरून स्प्रिंगेच्या जोराने परत यायला हवा. बराच मोकळा फिरला, मग स्प्रिंग लागली, तर खेळ वाढलाय. कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी किती खेळ चालेल ते देते, गॅरेजवाल्याने त्याच्याशी ताडून बघायचं, अंदाजाने नाही. दोन्ही हातांनी धरून तिरपं हलवलं तर हलता कामा नये. कडेने ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तर विषय संपला. आणि घासायच्या पृष्ठभागावर निळे डाग म्हणजे तो तापलाय. घसरता क्लच घेऊन गाडी बरीच चालवली असेल तर असे डाग पडतात, तेव्हा तुम्ही सध्या जपून चालवा.

तिसरा_गिअर
काकांच्या ज्ञानाला दंडवत. पण पोर्शच्याच ९९७ जीटीथ्री आरएस या ट्रॅकच्या जातीच्या ९११ ला कारखान्यातूनच सिंगल मास येतं. पोर्शला चालतं, मग आपल्याला का नको?

श्टुटगार्टवासी
कारण ते इंजिन वेगळं, तिसरे गिअरराव. जीटीथ्रीचं ते मेत्झगर इंजिन, रेसिंगच्या घराण्यातलं. बॉक्स्टरचं एम९६ वेगळं. एम९६ च्या पुढच्या पुलीत कंपन मुरवणारा डँपर नाही. क्रँकची पिळवट मुरवायचं काम बऱ्याच अंशी ते ड्युअल मासच करतं. ते काढलं तर क्रँक उघडा पडतो. हलक्या फ्लायव्हीलवर एम९६ चे क्रँक तुटल्याच्या गोष्टी इंजिन बांधणारे सांगतात. प्रत्येकाचा तुटतो असं मी म्हणत नाही. तुमचा टिकलाय, उत्तम. पण रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत हा जुगार कशाला?

तिसरा_गिअर
माझं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घेतलंय. निम्मी भीती तिथेच जाते. लोक डब्यातून काढून तसंच ठोकतात आणि मग फ्लायव्हीलच्या नावाने खडे फोडतात.

अडकित्ता
बॅलन्सिंगने असंतुलन जातं, पिळवटीची कंपनं जात नाहीत. दोन वेगळे आजार आहेत.

तिसरा_गिअर
बरं बाबा. पण ट्रॅकवर भेटा, मग बोलू.

हिशेबनीस
मला एक सांगा, गाडीची किंमत किती आणि हा खर्च किती? जुनी बॉक्स्टर अमेरिकेत बऱ्यापैकी स्वस्त मिळते असं ऐकलंय. किट, फ्लायव्हील, सील, बेअरिंग, मजुरी मिळून निम्मी गाडी होईल.

रारितनकर
हिशेबनीस, तो हिशोब मी मुद्दाम केलेला नाही.

खंबाटकी
वहिनींनी केलाय का?

रारितनकर
तिला 'क्लच' म्हणजे छोटी पर्स वाटते. तसंच राहू द्या.

पानेवाली
हे काही बरं नाही हं. वहिनींना सांगा, टेक्सासमध्ये एका बाईने स्वतःच्या हाताने क्लच बसवलाय.

थोडं विषयांतर, पण उपयोगाचं. माझी मिआटा १९९२ ची, १.६ लिटरची. तिचा मूळचा क्लच २०० मिलिमीटरचा. १९९४ पासूनच्या १.८ चा २१५ चा. १.८ चं फ्लायव्हील १.६ च्या क्रँकवर बसतं, म्हणून मी फ्लायव्हील आणि किट दोन्ही १.८ चं घेतलं. मोठा क्लच, किंमतीत फारसा फरक नाही. पण हे मिआटाचं, तिथे पार्टांची अदलाबदल दुकानात उभं राहूनही जमते. पोर्शमध्ये असलं काही करू नका.

आणि ताकद न वाढवलेल्या गाडीला 'स्टेज टू', 'स्टेज थ्री' क्लच घेऊ नका. त्याने गाडी वेगात जात नाही. फक्त क्लच जास्त ताकद धरू शकतो, आणि सिग्नलला गाडी उचलताना झटके बसतात. तुमची २.७ म्हणजे २६० न्यूटन-मीटर टॉर्क, मूळचा क्लच भरपूर झाला.

निवांत
आयएमएस म्हणजे काय ते कुणीतरी सांगा. मी फक्त इन्कम टॅक्स वाचून घाबरतो.

श्टुटगार्टवासी
इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँककडून फिरणं घेऊन कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टकडे) नेणारा मधला शाफ्ट. त्याच्या फ्लायव्हीलच्या बाजूच्या टोकाला एक बंद बेअरिंग असतं. काळानुसार त्यातलं ग्रीस तेलाने धुऊन जातं आणि ते बसतं. बसलं की टायमिंग जातं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात, इंजिन खलास. अमेरिकेत यावर सामूहिक दावा झाला होता, २०१३ मध्ये तडजोड झाली. सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते तुलनेने टिकाऊ. पुढे एका रांगेचं आलं, तेच जास्त फुटतं. २००५-०६ च्या सुमारास मोठं बेअरिंग आलं, पण ते इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही.

रारितनकर, तुमची २००१ ची, म्हणजे नेमकी सांध्यावरची. एक रांग की दोन हे खोलल्यावरच कळेल. तेव्हा आत्ता ठराविक बेअरिंग मागवून ठेवू नका. परत करता येईल अशा दुकानातून घ्या, किंवा हा एक पार्ट गॅरेजवाल्यालाच आणू द्या.

अडकित्ता
आणि बेअरिंग काढण्याआधी तेलाचा फिल्टर कापून घडी उलगडून बघायची. धातूची चमक दिसली तर बेअरिंग आधीच फुटायला लागलंय, त्याचा चुरा इंजिनभर फिरलाय. मग नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे पैसे नाल्यात. फिल्टर स्वच्छ असेल तरच करा.

तिसरा_गिअर
इथे मी सहमत. त्या बेअरिंगचं झाकण काढण्याआधी क्रँक लॉक करायचा, कॅम लॉक करायचे, चेनचे टेन्शनर सैल करायचे. हे न करता झाकण ओढणारे महाभाग आहेत. माझ्या ओळखीच्या एकाच्या गाडीत असंच झालं, टायमिंग उडालं, मग इंजिन खाली. गॅरेजचं नाव घेत नाही.

हिशेबनीस
म्हणजे प्रश्न होता क्लचचा, आपण पोचलो इंजिन खाली उतरवण्यापर्यंत. हाच तो 'टाकच' रोग.

चिकलठाणेकर
त्याची कसोटी सोपी आहे. जो पार्ट पुन्हा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय मिळत नाही, तो आता करा. जो नुसती चाकं काढून किंवा खालून हात घालून मिळतो, तो पुढे कधीही होईल. मजुरीच महाग आहे, पार्ट त्या मानाने नाहीत.

या कसोटीने सील, रिलीज बेअरिंग, फोर्कच्या टेकूची प्लॅस्टिकची वाटी, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, हे सगळं आत येतं. फ्लायव्हीलचे बोल्ट तर नवेच घ्या. ते ताणून बसवायचे बोल्ट असतात, एकदा कसले की लांबतात. जुने परत कसले तर धरतील न धरतील.

पानेवाली
+१ बोल्टला. वीस-तीस डॉलरसाठी जुने बोल्ट वापरणारे पाहिलेत. आणि बॉक्स्टरवाल्या मैत्रिणीकडून ऐकलेलं: तेल-हवा वेगळी करणारा तो एओएस डबा गिअरबॉक्स उतरलेला असताना सहज हाताशी येतो. सकाळी चालू करताना मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा ढग निघत असेल तर तोही करा. नसेल निघत तर राहू द्या.

रारितनकर
धूर नाही. हुश्श.

आज गॅरेजवाल्याकडे जाऊन आलो. सील बसवायचं टूल आहे का विचारलं. त्याने एक शब्द न बोलता कपाटातून काढून दाखवलं, वर तेलाने काळवंडलेली प्लॅस्टिकची पिशवी. क्रँक आणि कॅम लॉक करायचं सामानही त्याच कपाटात होतं. खालच्या सांध्यावरून बोट फिरवलं तर ओलसर आहे, थेंब नाही. म्हणाला, हे पाझरणं आहे, गळणं नाही, पण बदलू.

ठरवलंय ते असं. पार्ट सगळे त्यालाच आणू द्यायचे. थोडे जास्त जातील, पण मजुरीची गॅरंटी राहील. किट सॅक्सचं. सिंगल मास नाही. तिसरा_गिअर, रागावू नका. ड्युअल मास आधी मागवायचं नाही, क्लच उतरल्यावर मोजायचं आणि मग ठरवायचं. त्याच्या पुरवठादाराकडून एक दिवसात येतं म्हणतो, तोवर गाडी लिफ्टवर राहील. बेअरिंग फिल्टर बघून. रोजची गाडी आहे, जुगार नको.

तिसरा_गिअर
रागावलो नाही. पण एकदा कॅलिफोर्नियाला या, माझी चालवून बघा, मग तोंड पाडून बसाल.

निवांत
एक शेवटचा प्रश्न, काकांना. क्लच घसरतोय हे समजलं, पण झिजल्यावर पेडल जड का होतं? झिजलं की हलकं व्हायला हवं ना?

चिकलठाणेकर
चांगला प्रश्न. प्रेशर प्लेटमध्ये डायफ्रॅम स्प्रिंग असते, ताटलीसारखी, मधोमध बोटं कापलेली. क्लच प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि ती बोटं उलट रिलीज बेअरिंगच्या दिशेने वर उठतात. त्या कोनात स्प्रिंगला दाबायला जास्त जोर लागतो. म्हणून पेडल जड होत जाणं ही झिजेची लवकरची खूण. घसरणं त्यानंतर येतं. पेडल अचानक हलकं पडलं किंवा खाली जाऊन बसलं, तर तो क्लचचा नाही, हायड्रॉलिकचा दोष समजा. बॉक्स्टरमध्ये क्लचचं आणि ब्रेकचं तेल एकाच डब्यातून जातं, तेव्हा रारितनकर, या कामात तेही नवं भरून घ्या.

रारितनकर
लिहून घेतलं, काका. अजून काही राहिलंय?

पानेवाली
दोनच. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा थर येतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायला सांगा. आणि क्लच प्लेटच्या लायनिंगला तेलकट हात लागता कामा नये. स्प्लाइनला (प्लेट शाफ्टवर ज्या खाचांत बसते तिथे) ग्रीस अगदी नखाएवढं, जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. नंतर पहिले पाचेकशे मैल सिग्नलवरून दामटायची नाही, प्लेट बसू द्यायची.

हो, आणि जुने पार्ट परत मागा. फ्लायव्हील बदललं तर त्याचाही जुना तुकडा. झाकण काढल्यावर बेअरिंगचा फोटो काढून घ्या, एक रांग की दोन ते इथे टाका. श्टुटगार्टवासींना आणि मला, दोघांनाही बघायचंय.